दाण्यातली ओल

तळहातावर चार दाणे होते आणि त्यातला एक दात होता. पुंजाराम शेजूळ मान खाली घालून पाहत राहिला. चारही पिवळे, चारही बुडाकडे निमुळते. तंबाखूने तीस वर्षं रंगवलेला तो दात मक्यात असा मिसळून गेला होता की कोणता कोणाचा हे कळायला त्याला क्षणभर वेळच लागला. गोदामाच्या दारात ट्रक उभा होता, पोती उतरत होती, आत ड्रायरचा पंखा घोंघावत होता. समोर कचरू, कंपनीतला जुना मुकादम, पोत्यात खुपसून दाणे काढायची लोखंडी परखी हातात धरून उभा होता. "काय म्हन्तो दाना, दादा?" त्याने विचारलं. पुंजारामने मूठ मिटली. डाव्या बाजूला, जिथे आत्तापर्यंत काहीतरी होतं, तिथे जीभ जाऊन आली आणि तिला खारट लागलं. "अजून एक दिवस वाळू द्या," तो म्हणाला. हे त्याला दाण्याने सांगितलेलं नव्हतं. तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा तो काहीच न कळता बोलला होता. आणि त्याने काही बिघडलंही नाही. लॅबमधल्या यंत्राने त्या ट्रकचा आकडा कधीच काढला होता, तो कागदावर लिहून ट्रकच्या काचेला चिकटवलाही होता. कचरूने सवयीने विचारलं होतं, एवढंच. तो परखी खांद्यावर टाकून पुढच्या पोत्याकडे गेला.

जालन्यातल्या त्या बियाण्याच्या कंपनीत पुंजाराम आला तेव्हा कंपनी म्हणजे पत्र्याचं एक शेड आणि उन्हात पसरलेल्या ताडपत्र्या होत्या. दाण्यात ओल किती हे पाहायला माणसं होती. बियाणं ओलं राहिलं तर पोत्यात तापतं, बुरशी धरतं, आणि पुढच्या मृगात कोणाच्या तरी वावरात उगवत नाही. म्हणून औषध लावायच्या आधी प्रत्येक माल कोणीतरी दाताखाली धरून पाहायचा. ते काम शिकवून येत नसे. दाणा चावायचा नसतो, नुसता धरायचा असतो, आणि मग हळूहळू दाब द्यायचा. ओला दाणा आधी दबतो, मग फुटतो. वाळलेला दबत नाही, एकदम फुटतो आणि त्याचा आवाज कानात नाही, डोक्याच्या हाडात येतो. या दोन्हींच्या मधे केसाएवढी एक जागा असते, आणि पुंजाराम त्या जागेवर उभा राहून सांगू शकायचा की हा बारा टक्के, हा तेरा, हा साडेबारा. एक्याण्णव साली हैदराबादहून पहिलं यंत्र आलं तेव्हा मालकांनी दहा वाट्या मांडल्या, त्याचे डोळे बांधले, आणि नऊ वाट्यांत त्याचा आणि यंत्राचा आकडा एक निघाला. दहाव्या वाटीत यंत्र चुकलं होतं, हे नंतर भट्टीत दाणे तापवून पाहिल्यावर कळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या त्याला अजून आठवायच्या, आणि अलीकडे आठवल्या की राग यायचा, कारण त्यानंतर हळूहळू कोणी काही न बोलता यंत्रं वाढत गेली आणि तो गोदामाच्या दारात एका खुर्चीवर राहिला.

दात मात्र पन्नाशीनंतर एकेक करून गेले. हिरड्या सुटल्या, मग मुळं हलायला लागली. वरचे बहुतेक गेले तेव्हा जालन्यातल्या एका डॉक्टरने कवळी करून दिली. ती घातली की त्याला उमळून यायचं आणि बोलताना प्रत्येक 'स' मागे शिट्टी लागायची. महिनाभरात ती देवळीतल्या पितळी वाटीत जाऊन पडली. खाली पाच-सहा होते, पण त्यांच्यावर वर कोणी नव्हतं. ते नुसतेच उभे होते, रिकाम्या स्टेशनवरच्या खांबांसारखे. एकमेकांना भेटतील अशा जोड्या दोनच उरल्या होत्या, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. आज डावीकडची गेली. घरी येऊन त्याने दात खिशातून काढला, धुतला, आणि कुठे ठेवावा हे न कळून पुन्हा खिशात ठेवला. बायकोला, द्वारकाबाईला, त्याने काही सांगितलं नाही. तिने ते जेवताना पाहिलं. तो वरणात कुस्करलेली भाकरी तोंडात उजवीकडे ढकलत होता आणि गिळताना मान वाकडी करत होता. "अजून एक गेला का?" तिने विचारलं. त्याने ताटातली भाकरी आणखी कुस्करली. "मंदाला सांगते आता," ती म्हणाली, आणि ताटावरून उठून फोनकडे गेली.

मंदा, त्याची एकुलती मुलगी, औरंगाबादला शाळेत शिक्षिका होती. वर्षभर ती त्याच्या मागे लागली होती. तिच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांनी तोंडात कायमचे दात बसवून घेतले होते. हाडात स्क्रू घालून, वर अख्खी कमान. काढायची नाही, घालायची नाही. ते आता पेरू खातात, असं तिने तीनदा सांगितलं होतं. पुंजारामला पेरू खायचा नव्हता. पण त्याला नेमकं काय नको होतं हे त्याला तिला सांगता येत नव्हतं, आणि पैशाचा प्रश्न असता तर सोपं झालं असतं, नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. कंपनीने निवृत्तीचे पैसे दिले होते आणि तरी दारातली खुर्ची राहू दिली होती, जावयानेही काळजी करू नका म्हणून सांगितलं होतं. नाही म्हणायला कारणच उरलं नव्हतं. याचीच त्याला चीड येत होती.

दवाखाना औरंगाबादला, सिडकोत होता. भिंती फिकट हिरव्या, आणि टेबलावर प्लास्टरचा जबडा, त्यात चकचकीत खिळे. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मंदाहूनही लहान. त्यांनी जबड्याचा एक्स-रे उजेडावर धरला आणि पुंजारामला त्याचं स्वतःचं तोंड दिसलं. करड्या धुक्यात इकडे-तिकडे उभे असलेले पांढरे ठिपके. "काका, हाड अजून आहे," त्या म्हणाल्या. "ते आहे तोवर करून घ्या. दोन वर्षांनी हाड झिजलं की मला काही करता येणार नाही. मुंबईचे सर महिन्यातून दोनदा येतात, ते बसवतील. वर चार स्क्रू, खाली चार, आणि त्यावर पूर्ण कमान. तंबाखू मात्र आजपासून बंद."

"आन् हे दोन?" त्याने गाल बाजूला ओढून उजवीकडची जोडी दाखवली.

"सगळेच काढावे लागतील."

"हे घट हायेत."

त्यांनी चिमट्याने वरच्याला स्पर्श केला. तो हलला. ते त्याला माहीत होतं, पण दुसऱ्याच्या चिमट्याखाली हललेला दात वेगळाच वाटला. "हा जाणारच आहे," त्या म्हणाल्या. "खालचा टिकेल, पण त्या एकासाठी पूर्ण कमान अडते."

"नव्या दातांनी दाना चावला तर कळंल का?"

"शेंगदाणे खा, भाकरी खा, काही अडणार नाही."

"चावंल हो. कळंल का?"

बाईंनी मंदाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्या सरळ माणूस होत्या, उडवून लावलं नाही त्यांनी. म्हणाल्या की आपला दात हाडात थेट रुतलेला नसतो, त्याच्याभोवती एक पातळ गादी असते, आणि खडा लागला की त्या गादीला कळतं. स्क्रू हाडालाच धरतो. गादी नसते. कठीण-मऊ हाडाला थोडंफार समजतं, पण बारीक नाही. "जेवताना कुणाला फरक जाणवत नाही," त्या म्हणाल्या. मंदा हळूच म्हणाली, "आबा, तिथं मशीन आहे ना आता." पुंजारामने प्लास्टरच्या जबड्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, या दोघीही चुकत नाहीत. यंत्र आहे हे खरं, हाड झिजतंय हे खरं, तो वरचा दात आज ना उद्या मक्यासारखा हातात येणार हेही खरं. सगळं खरं होतं, आणि तरी त्याच्या आत कोणीतरी पाय रोवून बसलं होतं. "सांगतो मंग," तो म्हणाला. मंदाचा चेहरा उतरला. तिने शाळेतून रजा काढली होती.

जालन्याला परतणाऱ्या संध्याकाळच्या पॅसेंजरला गर्दी नव्हती. बदनापूरला संशोधन केंद्रातले चार-दोन लोक चढले, हवामानाचं बोलत बसले. पुंजाराम खिडकीशी होता आणि त्याची जीभ पुन्हा पुन्हा उजवीकडे जाऊन त्या जोडीला चाचपत होती. बाईंना त्याने दाण्याचं विचारलं होतं, पण ते सगळं खरं नव्हतं. यंत्र आलं म्हणून काम गेलं हे त्याने केव्हाच गिळलं होतं. ती जोडी त्याला कंपनीसाठी हवी नव्हती. ती त्याला एका दिवसासाठी हवी होती, सत्याऐंशी सालच्या मार्गशीर्षातल्या, आणि हे त्याने आजवर कोणाजवळ उच्चारलं नव्हतं.

त्याचा थोरला भाऊ रखमाजी, ज्याला घरात सगळे नाना म्हणत, राजूरच्या पुढे दोन कोसांवरच्या त्यांच्या गावी शेती पाहायचा. वडील गेले तेव्हा पुंजाराम नऊ वर्षांचा होता. नानानेच त्याला सातवीपर्यंत शाळेत ठेवलं, आणि पुढे हाताला धरून जालन्याला आणून कंपनीत उभं केलं. त्या वर्षी पुंजारामच्याच शब्दावर नानाने ज्वारीच्या बियाण्याचा प्लॉट घेतला होता. मादी ओळी, नर ओळी, सगळं नीट सांभाळलं. आणि मार्गशीर्षात माल गाडीत घालून तो स्वतः घेऊन आला. गाडीवर बसून नाही, बैलांच्या पुढे चालत. शेडसमोर माणसं होती, प्लॉट लावून देणारा ऑर्गनायझर होता, मालक होते. पुंजारामने पहिल्या पोत्यातला दाणा तोंडात घातला आणि डाव्या दाढेतून कळ निघाली ती कानापर्यंत गेली. ती दाढ दिवाळीपासून सडत होती. आतून पोकळ झाली होती. त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, द्वारकाबाईलाही नाही, कारण ज्याच्या दातावर कंपनी चालते त्याचा दात सडला हे बाहेर गेलं तर मग तो कोण. कळ गेली तेव्हा दाणा फुटला होता. तो आधी दबला होता की नाही, हे त्याला कळलं नव्हतं. दुसरा दाणा घ्यायला हवा होता, दुसऱ्या बाजूने पाहायला हवं होतं. पण तो कधी दुसरा दाणा घेत नसे, आणि सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते, आणि नानाही पाहत होता. भावाचा माल म्हणून पास केला असं कोणी म्हणू नये, असंही काहीतरी त्या अर्ध्या क्षणात मनात येऊन गेलं असावं. "वल्ली हाय," तो म्हणाला. "परत न्या." नाना फक्त "बराबर" म्हणाला आणि त्याने गाडी वळवली. माल घ्यायची शेवटची तारीख दोन दिवसांवर होती, वाळवून आणायला वेळ नव्हता. बियाण्याची ज्वारी साध्या ज्वारीच्या भावात मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, गेली. आणि नाना त्याच्याशी बोलायचा थांबला, तो नव्याण्णव साली वारला तोवर थांबलेलाच होता. पुंजारामने खांदा दिला. तेव्हाही दाणा ओला होता की वाळलेला हेच त्याच्या डोक्यात चाललं होतं.

म्हणून ती जोडी. तोंडात एक जरी जोडी आहे तोवर तो दिवस पुन्हा तपासता येईल असं त्याला वाटायचं. कसा तपासणार हे माहीत नव्हतं. ती ज्वारी कोणाच्या तरी पोटात जाऊन वीस वर्षं झाली होती. पण न्यायाधीशाची खुर्ची रिकामी असली तरी कोर्ट मोडून टाकत नाहीत, तसं काहीतरी. त्या आठवड्यात त्याने एक खुळेपणा केला. द्वारकाबाईला पाच वाट्यांत ज्वारी घ्यायला लावली. एक रात्रभर ओल्या फडक्यात ठेवलेली, एक दोन तास उन्हात दिलेली, अशा चढत्या क्रमाने. मग म्हणाला, वाट्या उलटसुलट कर, मला सांगू नको. डोळे मिटून तो भिंतीला टेकून बसला आणि उजव्या जोडीखाली एकेक दाणा धरू लागला. दात हलत होता, दाण्याच्या आधी तोच दबत होता. दाणा दबला की दात, हे वेगळं काढताना त्याच्या कपाळावर घाम आला. तरी त्याने पाचही वाट्या सांगितल्या. "ही सगळ्यात वल्ली. ही मधली. बघ बरं बराबर हाय का." द्वारकाबाईने वाट्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला आता काय म्हाईत? तुमी उलटसुलट करा म्हन्ले, मी केल्या. कोन्ती कोन्ती व्हती ते मी कशाला ध्यानात ठिवू?" तो तिच्याकडे पाहत राहिला. तिने पाचही वाट्या एका परातीत ओतल्या आणि दळणाच्या डब्यात टाकल्या. "काय पाहून राह्यले तुमी इतक्या दिसापासून?" ती म्हणाली. "पोरगी तिकडं रडून राह्यली फोनवर. माणसाला जेवता येत न्हाई अन् हे दाने मोजून राह्यले." जे खरं उत्तर होतं ते द्यायला त्याला वीस वर्षं मागे जावं लागलं असतं. तो नुसताच चिडला, तिच्यावर, वाट्यांवर, मंदाच्या मुख्याध्यापकावर आणि त्याच्या पेरूवर. चपला घालून बाहेर गेला आणि रेल्वे फाटकापर्यंत चालत जाऊन परत आला.

मंदाने दोनदा फोन केला, मग केला नाही. मुंबईचे डॉक्टर एकदा येऊन गेले. वरचा दात आता जिभेच्या धक्क्यानेही हलत होता. एका सकाळी, कामावर जायच्या ऐवजी, पुंजाराम एस.टी. स्टँडवर गेला आणि राजूरच्या गाडीत बसला. राजूरला गणपतीच्या देवळाबाहेर चतुर्थीची गर्दी होती, नारळाच्या दुकानांतून वाट काढत तो पुढच्या जीपपर्यंत गेला. गावात शिरताना त्याला कोणी ओळखलं नाही, किंवा ओळखून बोललं नाही. नानाच्या घरी पुतण्या सर्जेराव शेतात गेलेला. अंगणात वहिनी, तुळजाबाई, सुपात तूर पाखडत होती. पंच्याहत्तरी उलटलेली, तोंडात एकही दात नाही, ओठ आत वळलेले. तिने डोळ्यावर हात धरून पाहिलं. "भावजी? या, बसा." जसा काही तो मागच्या आठवड्यातच येऊन गेला होता.

पाणी प्यायला, इकडचं-तिकडचं बोलणं झालं. मग तो म्हणाला, "वैनी, एक इचारायचं व्हतं. नानाच्या त्या ज्वारीचं."

"कोन्त्या ज्वारीचं?"

"सत्याऐंशी सालच्या. बियान्याची. मी वल्ली म्हनून परत पाठवल्ती."

तिने सूप खाली ठेवलं आणि आठवायचा प्रयत्न केला. तो प्रयत्न त्याला दिसत होता. "ती व्हय," ती अखेर म्हणाली. "ती मोंढ्यात इकली की. त्याच आठोड्यात."

"वल्ली व्हती का ती? खरं सांगा."

"आता मला काय म्हाईत, भावजी. ईस वर्सं झाली. वल्ली असंल न्हाईतर वाळलेली असंल."

"नानाला राग आल्ता न पर त्याचा."

"ज्वारीचा?" ती हसली. बिनदाताचं तोंड उघडलं आणि मिटलं. "ज्वारीचा कशाचा राग? हे तर घरी आल्यावर म्हन्ले, आपला पुंजा लई कडक हाय, भावाला बी सोडत न्हाई. सगळ्या गावात सांगत फिरले."

त्याने गुडघ्यावरचे हात उचलले आणि पुन्हा ठेवले. "मंग बोलत का न्हवते माझ्याशी?"

आता तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ती त्याच्याकडे नीट पाहू लागली, हा माणूस खरंच विचारतो आहे का म्हणून. "तुमाला म्हाईत न्हाई?" ती म्हणाली. "तुमी जेवले न्हाईत न. सर्जेरावच्या लग्नात. पंगतीला बसले, अन् जेवन तसंच टाकून उठले. ह्यांनी सोता वाढल्ती बुंदी तुमाला. सगळ्या गावासमोर. एक घास घेतला अन् उठून गेले तुमी, काय बोलले बी न्हाईत. रातभर झोपले न्हाईत हे. म्हन्ले, कंपनीत गेला, मोठा झाला, आता घरचं अन्न त्याच्या तोंडाला लागत न्हाई."

अंगणात कोंबडी तुरीकडे आली, तिने हाताने हाकलली. आणि पुंजारामला ते सगळं एकदम आलं, कोणीतरी फडकं ओढून घेतल्यासारखं. ज्वारीनंतरच्या वैशाखातलं ऊन, मांडवाच्या फटींतून पत्रावळीवर पडलेलं. नाना धोतर खोचून, बुंदीची बादली घेऊन पंगतीतून चालत आलेला आणि त्याच्यासमोर वाकलेला. घे पुंजा, घे. म्हणजे ज्वारीनंतर नाना बोलत होता. म्हणजे पत्रिका द्यायलाही तो स्वतःच जालन्याला आला होता, ओट्यावर बसून चहा घेतला होता त्याने. हे पुंजाराम कसं विसरला होता? पहिला घास घेतला आणि पाक त्या पोकळ दाढेत उतरला. डोळ्यांपुढे पांढरं झालं. तोंड उघडलं असतं तर ओरडला असता, म्हणून तो उठला, ओठ घट्ट मिटून, सगळ्या रांगेच्या मागून चालत गोठ्यामागे गेला आणि भिंतीला गाल लावून उभा राहिला. मग तसाच जालन्याला निघून आला. आषाढात औरंगाबादला जाऊन, जालन्यात कोणाला कळू नये म्हणून दोनशेदा विचार करून, त्याने ती दाढ काढून टाकली. पंगतीचं त्याला पुढे कधी आठवलंच नाही, कारण त्याच्या लेखी तिथे काही घडलंच नव्हतं. एक दात दुखला होता, एवढंच.

"दात दुखून राह्यल्ता, वैनी," तो म्हणाला. 'दुखून' मधला 'ख' पोकळीतून निसटला.

"काय?"

"दात. दाढ. सडल्ती. त्यानं उठलो."

तुळजाबाईने सूप मांडीवर ओढलं, पण पाखडलं नाही. "मंग सांगायचं न," ती म्हणाली. रागाने नाही. "लवंग दिली असती."

तिने त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. स्वतःसाठी करते तसंच, भाकरी दुधात कुस्करून, वर तुपाची धार. दोघं भिंतीला टेकून बसले आणि एकमेकांकडे न पाहता गिळत राहिले. त्याला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. जीपमध्ये बसल्यावर त्याला आला तो संताप, आणि तो कोणावर हे कळेना. वीस वर्षं तो चुकीचं पोतं वाहत आला होता. ज्वारी ओली होती की वाळलेली याचा या जगात कोणालाही, खुद्द नानालाही, काही फरक पडला नव्हता. त्या दिवसाचा नानाला अभिमान होता. आणि जो दिवस खरा होता तो त्याने ओठ मिटून घालवला, एक शब्द बोलला असता तर संपला असता असा. एक शब्द. नाना, दाढ दुखते. त्याने तो नानाला सांगितला नाही, कारण नानासमोर गावातली माणसं होती आणि त्यांच्यामागे कंपनी होती, आणि कंपनीने पुढे चार हजारांचं एक यंत्र आणून ते सगळं संपवून टाकलं. जीप खड्ड्यातून गेली, जबडा आपटला, वरचा दात खालच्यावर बसून तिरका झाला. त्याने जीभ लावली नाही. राजूरला उतरून त्याने टेलिफोनच्या टपरीतून मंदाला फोन लावला. "तारीख घे," तो म्हणाला. मंदाने विचारलं, आबा, काय झालं, एकदम कसं काय? "कायी न्हाई," तो म्हणाला, आणि मग, पलीकडून तिचा श्वास ऐकू येत असताना, त्याला कळलं की हेच तर तो जन्मभर म्हणत आला आहे. पण टपरीवाला मागे उभा होता, मागे अजून दोन माणसं होती. त्याने फोन ठेवला.

मुंबईचे सर गुरुवारी आले. हसतमुख, हातमोजे घालता घालता क्रिकेटवर बोलणारे. पुंजारामला खुर्चीत आडवं केलं, तोंडावर दिवा ओढला. इंजेक्शनं टोचली, हिरड्यांत, टाळूवर, गालाच्या आत. थोड्या वेळाने ओठ दुसऱ्याचे झाले, जीभ कुठे ठेवली हे कळेना. त्याने ठरवलं होतं की उजवीकडची जोडी निघेल तेव्हा लक्ष द्यायचं. कोणता आधी, किती दाब, हाडातून सुटताना कसा आवाज येतो. तेहेतीस वर्षांच्या सवयीने तो त्या जागेवर जाऊन उभा राहिला आणि वाट पाहू लागला. वर दिव्याच्या काचेत त्याच्याच तोंडाचा लालसर वाकडा आकार हलत होता. सर काहीतरी सांगत होते, बाई हत्यारं देत होत्या, ताटलीत धातूवर काहीतरी टक्क वाजत होतं, पुन्हा वाजत होतं. तो वाट पाहत राहिला. मग सरांनी हात काढून घेतले. त्याने डोळ्यांनीच उजवीकडे खूण करून विचारलं. "ते केव्हाच निघाले, काका," बाई म्हणाल्या. "सगळ्यांत आधी तेच काढले. आता स्क्रू बसवायला घेतोय." त्याने डोळे मिटले. त्याला काहीच कळलं नव्हतं. दबलं नव्हतं, फुटलं नव्हतं, आवाजसुद्धा आला नव्हता. त्या बधिर तोंडात त्याला इतका राग आला की खुर्चीच्या हातावर त्याची बोटं वळली, आणि बाईंनी विचारलं, काका, थांबू का. तो थांबा म्हणाला नाही.

दुपार कलल्यावर त्याला बाहेरच्या बाकावर आणून बसवलं. गालांत कापसाचे बोळे, हनुवटीवर रक्ताची सुकलेली रेघ. द्वारकाबाई जालन्याहून आली होती, ती औषधांची चिठ्ठी घेऊन दुकानात गेली. मंदा त्याच्यासमोर उकिडवी बसली, रुमाल ओला करून तिने हनुवटी पुसली. तिचा चेहरा जवळून पाहून त्याच्या लक्षात आलं की तिच्याही डोळ्यांखाली काळं झालंय, आणि हे केव्हा झालं ते त्याला माहीत नाही. "आबा," तिने विचारलं, "लई दुखलं का?"

दुखलं अजिबात नव्हतं. अजूनही सगळं बधिर होतं, ओठ कुठे संपतात तेही समजत नव्हतं. बाकावर पलीकडे दोन माणसं बसली होती आणि त्यांनीही मान वळवली होती. पुंजारामने त्यांच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि नेहमीचं 'कायी न्हाई' गिळून मान हलवून हो म्हणाला. मंदा तशीच उकिडवी राहिली. असं उत्तर तिला या माणसाकडून कधी मिळालंच नव्हतं, त्यामुळे पुढे काय करायचं ते तिला उमगेना. मग ती उठली, त्याच्या शेजारी बाकावर बसली, आणि तो सरकला तिला जागा करून द्यायला.